ऑडिटर नेमतो कोण?

प्रवेशाचा हंगाम आला की कोल्हापुरात एक मागणी हमखास निघते: सगळ्या खासगी कॉलेजांचं सरकारनं ऑडिट करावं. फी एवढी का, विकास निधी म्हणून घेतलेले पैसे गेले कुठे, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं मानधन का थकतं? प्रश्न रास्तच आहेत. मग आमच्यासारखी परदेशात बसलेली मंडळी ग्रुपवर लिहितात, ‘इकडे असलं काही चालत नाही.’ मी शाहूपुरीत एका सीएंच्या हाताखाली आर्टिकलशिप केली आणि आता स्कॉटलंडमध्ये, डंडी शहरात राहून एका व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजचे हिशेब बघते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

कारण ऑडिट होतंच की. संस्था सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, असेल तर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. त्या नियमांत ऑडिटरला थेट विचारलेलं आहे: गुंतवणुकीत कुणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? संस्थेचं कुणा विश्वस्ताकडे येणं आहे का, की संस्थाच त्याचं देणं लागते? विद्यापीठांसाठी २०१६ चा कायदा आहे. दरवर्षी लेखे तपासले जातात, अधिसभेपुढे म्हणजे सिनेटपुढे येतात. व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेही दाखवलेल्या खर्चावरून. म्हणजे खर्च फुगवला तर नफा झाकला जातो आणि फीही वाढते. संस्थाचालकाच्या घरच्याच माणसाच्या मालकीची इमारत संस्थेनं भाड्यानं घेतली, तर ते भाडं शेवटी विद्यार्थ्याच्या फीत येऊन बसतं. ताळेबंदात दिसतं फक्त ‘इमारत भाडे’.

माझे मामा एका अनुदानित कॉलेजात हेडक्लार्क होते. ते म्हणतात, “पोरी, ऑडिट दरवर्षी झालंय. चहा झाला, भडंग झाला, शेरे आले, आम्ही पूर्तता अहवाल पाठवला. पुढच्या वर्षी तेच शेरे, तीच पूर्तता.” आर्टिकलशिपच्या दिवसांत मीही हेच बघितलं. व्हाउचरवर सही नाही, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, अपुरं, खरेदीला तीन दरपत्रकं नाहीत. बारीकसारीक गोष्टींवर पानं भरायची. भाड्याच्या करारापर्यंत कुणी जायचंच नाही, कारण आम्हाला नेमणारे आणि त्या करारावर सही करणारे एकाच टेबलाला बसायचे.

गंमत अशी, की ऑडिट म्हणजे काय हे कोल्हापूरला शिकवायची गरजच नाही. गल्लीतली पतसंस्थासुद्धा फलकावर ‘ऑडिट वर्ग अ’ रंगवते. दूध संघाची वार्षिक सभा असो की कारखान्याची, अहवालातलं पान नंबर सांगून भांडणारा शेतकरी आपल्याकडे आहे. चाचणी लेखापरीक्षण म्हणजे झालेल्या ऑडिटमधल्या निवडक बाबी पुन्हा तपासणं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. सहकारी संस्थेचा ऑडिटर शासनानं मान्य केलेल्या नामिकेतून (पॅनेलमधून) निवडावा लागतो आणि तो निवडते सभासदांची सर्वसाधारण सभा. दुधाच्या दरातल्या एका रुपयासाठी मंडप दणाणून सोडणारा हाच माणूस मुलीच्या इंजिनिअरिंगची फी मात्र निमूट भरतो. तिथं तो सभासद नाही, ग्राहक आहे. अहवाल त्याच्या घरी येत नाही.

आता स्कॉटलंड. इथे एकाच देशात दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत, म्हणून तुलना सोपी जाते. व्यवसाय शिक्षणाची बहुतेक कॉलेजं सार्वजनिक संस्था मानली जातात आणि त्यांचा ऑडिटर कॉलेज निवडत नाही. तो स्कॉटलंडचे ऑडिटर जनरल, म्हणजे सार्वजनिक पैशाचे प्रमुख लेखापरीक्षक, नेमतात, तोही ठरावीक वर्षांसाठीच. हिशेब स्कॉटिश संसदेपुढे ठेवले जातात. गंभीर काही आढळलं तर ऑडिटर जनरल वेगळा अहवाल देतात आणि संसदेची समिती प्राचार्यांना बोलावून उघड चौकशी करू शकते. कोटब्रिज कॉलेजच्या विलीनीकरणात प्राचार्यांना निरोपाची रक्कम म्हणून तीन लाख पौंडांहून जास्त मिळाले होते. २०१५ मध्ये ते प्रकरण असंच चव्हाट्यावर आलं.

विद्यापीठांना मात्र आपला ऑडिटर आपणच नेमायची मोकळीक. माझ्याच गावातलं डंडी विद्यापीठ बघा. ऑडिट समिती, अंतर्गत ऑडिट, बाहेरची फर्म, सगळी उतरंड जागेवर होती. नायजेरियाचं चलन घसरलं, २०२४ च्या जानेवारीपासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणायची मुभा गेली, परदेशी विद्यार्थ्यांची फी आटली. वर्षाअखेर तूट तीन कोटी पौंडांपर्यंत जाईल असं जाहीर झालं, कुलप्रमुखांनी पद सोडलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ६३२ नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव आला. जूनमधल्या चौकशी अहवालानं प्रशासनाच्या आणि नियामक मंडळाच्या कारभारावर बोट ठेवलं. तेव्हा ‘इकडे असलं काही चालत नाही’ हे वाक्य मला तरी लिहिता येत नाही.

घरचा मुद्दा आणखी एका कारणानं निकडीचा झालाय. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, तेव्हा सरकारी पैसा नाही तर सरकारी तपासणी कशाला, असं म्हणता येत होतं. महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा, १९७१ चा कायदाही मुख्यतः अनुदानाच्या मागे जातो. पण २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकार भरतंय, त्याआधीपासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शुल्क शिष्यवृत्ती आहेच. अनुदान म्हणून दारातून गेलेला सार्वजनिक पैसा प्रतिपूर्ती म्हणून खिडकीतून आत येतोय. त्याच्यामागे तपासणीही आत यायला हवी. खासगी आयटीआयही यातून सुटू नयेत. तिथं मुलं गरीब घरची आणि विचारणारं कुणी नाही.

मामांचा यावरचा आक्षेप मला टाळता येत नाही. “ट्रस्टींच्या मर्जीतला ऑडिटर गेला की मंत्र्याच्या मर्जीतला येईल. विरोधी गटाच्या संस्थेला पहिली नोटीस!” कोल्हापुरात गटातटाचं राजकारण ज्यानं पाहिलंय तो याला हसणार नाही. म्हणूनच नेमणूक शिक्षण खात्याकडे नको. इथल्या ऑडिटर जनरलचं नाव संसद सुचवते, मंत्री नव्हे. खरा फरक तिथं आहे. आपल्याकडे ‘कॅग’च्या राज्यातल्या महालेखापालांच्या देखरेखीखाली नामिका करावी, चिठ्ठी टाकून नाव काढावं, पाच वर्षांनी बदलावं. लहान, खेड्यातल्या संस्थांना ऑडिटरच्या फीचा भार नको म्हणून तो खर्च शुल्क प्राधिकरणानं उचलावा. त्यांचं वेतनेतर अनुदान आधीच रखडतं. वर नवा खर्च लादला तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांवरच कात्री चालेल.

कायदा बदलायला वेळ लागेल. विद्यापीठाची अधिसभा मात्र आजही भरते, आणि तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. पुढच्या वेळी हे पदवीधर उमेदवार मतं मागायला घरी आले तर मामांनी त्यांना एवढंच विचारावं, असं मी सांगून ठेवलंय: मागच्या ऑडिट अहवालांतले किती शेरे अजून निकाली निघालेले नाहीत, आणि त्यातला सगळ्यांत जुना कोणत्या वर्षाचा आहे?