दगडांचा क्लब काढायचाय? मग दगडापासून लांब ऱ्हावा

हल्ली ज्याला बघावं तो कसला ना कसला क्लब काढतोय. सायकलचा, ट्रेकिंगचा, पक्षी बघायचा. तुमच्या डोक्यात जर भूगर्भशास्त्राचा क्लब काढायचं खूळ शिरलं असंल तर आधी माझं ऐका, मी बेळगावात अशा एका क्लबाचा सहा वर्षं चिटणीस आहे आणि या सहा वर्षांत क्लबाच्या कामासाठी हातोडी एकदाच उचललीय, तीही बॅनरचा खिळा मारायला.

आता तुम्ही म्हणाल की बेळगावसारखी जागा असताना असं कसं. तेच तर सांगतोय. जागा चांगली असली की जास्त सावध ऱ्हायला लागतं. उत्तरेकडनं पसरत आलेला काळा कातळ, तो डेक्कन ट्रॅप, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो आपल्या जिल्ह्यात येऊन संपतो. त्याच्या खालनं गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग बाजूला कलादगीचे वालुकाश्म आणि त्यांचेच कडक भाऊ क्वार्टझाइट डोकं वर काढतात, ते ट्रॅपपेक्षा कितीतरी पट जुने. खानापूर-कित्तूरकडं गेलात तर त्याहून जुने धारवाडचे शिस्ट, म्हंजे पापुद्र्यापापुद्र्यांचे दगड, अडीचशे कोटी वर्षांच्या वरचे. आणि टेकड्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यागत जांभा. म्हंजे सकाळी पोहे खाऊन मोटरसायकलला किक मारली तर संध्याकाळच्या चहापर्यंत निम्म्या पृथ्वीचा इतिहास बघून माणूस घरी येतो, पेट्रोल फार तर चारशेचं. आणि एक गंमत बघा, ट्रॅप जिथं संपतो तीसुद्धा सीमाच की, खरीखुरी, आणि तिच्यावरनं आजवर एक मोर्चा निघाला नाही, एक बस कुणी अडवली नाही. अशी भांडण नसलेली सीमा क्लबाच्या कामाची नाही. ती सोडून द्या.

सुरुवात नावापासनं करा. नाव ठरवायला आम्हाला सात बैठका लागल्या आणि क्लबाच्या इतिहासात तेवढ्या गर्दीच्या बैठका परत झाल्या नाहीत. बेळगाव लिहायचं की बेळगावी? २०१४ साली सरकारनं नाव बदललं, पण आमच्या खजिनदारांनी ते मनानं अजून स्वीकारलेलं नाही. मग बोर्ड. कन्नड वर आणि साठ टक्के, ते कायद्यानं आलंच, उरलेल्या चाळीसात मराठी किती आणि इंग्रजी किती, यावर एका उपाध्यक्षांनी राजीनामा दिला, दुसऱ्यांनी तो फेटाळला, तिसऱ्यांनी दोघांचा सत्कार ठेवला. दोन महिन्यांनी कुणीतरी कन्नड सदस्याला विचारलं की तुमच्यात भूगर्भशास्त्राला काय म्हणतात हो, तर तो म्हणाला, भूगर्भशास्त्र. सभागृहात अशी शांतता पसरली की विचारू नका. सगळ्यांचे चेहरे पडले होते. म्हणून सांगतो, असले प्रश्न शेवटपर्यंत विचारायचेच नाहीत.

पदं भरपूर ठेवा. पद मिळालं की माणूस टिकतो. आमच्यात अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष एक, उपाध्यक्ष तीन (शहर, ग्रामीण आणि एक नाराज), चिटणीस मी, सहचिटणीस, खजिनदार, सल्लागार दोन, प्रसिद्धीप्रमुख एक. एकूण सदस्य बारा. म्हंजे पद नसलेला माणूस एकच ऱ्हातो, त्या एकट्याला आम्ही सर्वसाधारण सभा म्हणतो. तो आला की कोरम होतो. तो माणूस कोण हे पुढं सांगतो, कारण सगळा घोळ त्यानंच केलाय.

बैठक संध्याकाळी पाचला ठेवा, म्हंजे लोक सहाला येतात. आधी मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचा, मग मागच्या वृत्तांतात झालेल्या चुका, मग त्या चुका कुणी काढल्या त्याच्यावर चर्चा. मधी चहा. चहाबरोबर कुंदा ठेवला तर उपस्थिती वाढते हा आमचा एकमेव शास्त्रीय निष्कर्ष. पावसाळ्यात बैठक तहकूब करा, पाऊस आहे म्हणून. उन्हाळ्यात ऊन आहे म्हणून. राहिला हिवाळा, त्यात लग्नं असतात. व्याख्यान ठेवायचंच असलं तर निवृत्त साहेब बोलवा, ते दगडावर सुरुवात करून दहाव्या मिनिटाला आपल्या युरोप टूरवर येतात आणि माणसं घरी सुखानं जातात.

टेबलावर दगड येऊ देऊ नका. तरी कुणी आणलाच तर सगळ्यांनी मिळून एकच विचारायचं, "ह्याचे किती येतील?" माणूस परत आणत नाही.

वाचनाची हौस असणारे एकदोन असतातच, त्यांना कसं हाताळायचं तेही सांगतो. एका सल्लागारांनी एकदा रॉबर्ट ब्रूस फूटबद्दल बोलायला घेतलं. हा गोरा साहेब भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातला, आपला हा सगळा मुलूख त्यानं पालथा घातला आणि १८७६ साली त्याचा मोठा अहवाल छापून आला, त्याच्या नावातच 'साउथ मराठा कंट्री' असं आहे. झालं. तेवढे तीन शब्द ऐकले आणि अध्यक्ष उठून उभे राहिले, म्हणाले बघा, इंग्रजानं लिहून ठेवलंय, आणि लगेच फूटसाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. अहवालात काय आहे ते कुणी विचारलं नाही, सल्लागारांनीही कागद घडी करून खिशात घातला. याच फूटला गोकाकजवळ चिकदौलीला गेंड्याची जीवाश्म हाडं सापडली होती, १८७४ मधी त्यानं त्या गेंड्याला डेक्कनेन्सिस असं नाव दिलं, म्हंजे आपल्या दख्खनवरनं. करदंट मिठाईच्या गावात गेंडा! दुसऱ्या कुठल्या क्लबानं आयुष्यभर तेवढ्यावर काढलं असतं. आमच्यात तो विषय निघाल्यावर कार्याध्यक्ष म्हणाले, गेंडा आसामचा, आपला नव्हे, आणि विषय संपला. लोगोवर शेवटी आम्ही हिमालय घेतला.

नमुन्यांचं कपाट हवंच, काचेचं. आमच्यात आहे. भिंतींना रंग द्यायच्या वेळी दगड बाहेर काढले आणि चिठ्ठ्या गोळा करून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या, अजून तिथंच आहेत. सगळे दगड एका ठिकाणी, सगळ्या चिठ्ठ्या एका ठिकाणी, माहिती काही हरवलेली नाही. किल्ली माजी खजिनदारांकडं आहे, त्यांच्याशी बोलणं बंद आहे. चुनखडी ओळखायला एक ॲसिडची बाटली आणली होती, पातळ हायड्रोक्लोरिक. थेंब टाकला की चुनखडीवर फेस येतो. ती बाटली शिपायानं संडास धुवायला नेली, जाताना वऱ्हांड्यात सांडली, आणि वऱ्हांड्याची फरशी निघाली शहाबादी, जी मुळात चुनखडीच. अशी फसफसली म्हणून सांगू! सहा वर्षांतला तो आमचा एकमेव यशस्वी प्रयोग, आणि प्रसिद्धीप्रमुख त्या दिवशी गावाला गेलेले.

नवीन सदस्य येऊ बघतात तेव्हा खरी कसोटी. फॉर्म तीन प्रतीत, दोन जुन्या सदस्यांच्या शिफारशी, आणि वर्गणी वर्षाला पाचशे एक. कॉलेजचं पोरगं आलं तर विचारा, अनुभव किती वर्षांचा? साडेसहा कोटी वर्षांच्या दगडापुढं तुझं वय काय, आमचं काय, असं तो म्हणाला तर उद्धट म्हणून फॉर्म बाजूला. बायकांना घेऊ नका असं म्हणायचं नाही, वाईट दिसतं, त्यांच्यासाठी वेगळा महिला विभाग काढायचा आणि त्याचं हळदीकुंकू करायचं. व्हॉट्सअपचा ग्रुप करा पण मेसेज फक्त ॲडमिननं टाकायचे. आमचे अध्यक्ष रोज सकाळी सहाला सूर्योदय टाकतात, एकदा चुकून जांभ्याच्या खाणीचा फोटो गेला तर दोघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे न्हवं.

आता त्या सर्वसाधारण सभेचं सांगतो. कार्यालयाच्या उद्घाटनाला आम्ही कोनशिला करून घेतली होती, ती करणारे मामा खाणीतले, वय साठीच्या पुढं. बिलातले हजारभर रुपये आमच्याकडं बाकी राहिले. खजिनदारांनी शक्कल काढली, पैशाच्या बदली दोन वर्षांचं सदस्यत्व. मामा हसले आणि हो म्हणाले. आमची सगळ्यात मोठी चूक.

मामा बैठकीला येतात, मागं बसतात, बोलत नाहीत. एकदा जांभ्याचा विषय कसा कोण जाणे निघाला. अध्यक्ष म्हणाले, जांभा मुळातच मऊ दगड, कमी प्रतीचा. मामा म्हणाले, "तसं न्हवं साहेब. खाणीतनं काढताना कुऱ्हाडीनं तासता येतोय, एकदा हवा लागली की घट्ट हुतोय. म्हणूनच तर घरं उभी हाईत." हेच बघून फ्रान्सिस बुकाननला मलबारात विटेची आठवण झाली आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं लॅटिनमधल्या विटेवरनं लॅटराइट नाव दिलं, ते मला घरी जाऊन वाचल्यावर कळलं. म्हंजे बुकानन आणि मामा एका बाजूला, अध्यक्ष दुसऱ्या बाजूला. वृत्तांतात मी लिहिलं, 'जांभ्यावर साधकबाधक चर्चा झाली.' असं लिहायला शिका, फार उपयोगी पडतं.

आणि वर्षातनं एक सहल. ही मात्र चुकवू नका, नाहीतर वर्गणी येत नाही. आम्ही गोकाकचा धबधबा ठरवला, सप्टेंबरात. टेम्पो ट्रॅव्हलर सातला सुटणार होती, साडेनवाला सुटली. धबधबा बावन्न मीटरचा, घटप्रभा लालसर पाण्यानं भरून कोसळत होती, १८८७ साली इथं पाण्यावर वीज केली ते कार्याध्यक्षांनी गाडीतच सांगून टाकलं म्हंजे उतरल्यावर त्रास नको. उतरल्यावर बॅनर, बॅनरच्या मागं कोण उभं ऱ्हाणार त्याची भांडणं, फोटो, झुलत्या पुलावर परत फोटो. कातळाकडं पाठ करून काढलेले एकूण चाळीस फोटो आहेत, मागं जे आहे तेच बघायला आलो होतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका उपाध्यक्षांची पुतणी आली होती, यळ्ळूरची, बारावीला. ती जरा बाजूला पाणी नसलेल्या एका फळीसारख्या दगडावर उकिडवी बसली. दगडावर बोटाएवढ्या जाडीच्या लाटा, एकामागं एक, धुण्याच्या पत्र्याच्या फळीवर असतात तशा.

"सर, हे काय?"

"पाण्यानं झिजलंय," अध्यक्ष म्हणाले. "चला, करदंट घ्यायचंय."

"झिजलं असतं तर गुळगुळीत झालं असतं की. आणि ह्या बाजूला उतार कमी, त्या बाजूला जास्त, सगळ्याच लाटांना. असं कसं?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मामांनी मात्र बाटलीतलं पाणी त्या दगडावर ओतलं, गाल जवळजवळ दगडाला टेकवला आणि तिरक्या उजेडात बघत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "पोरी, नदीच्या वाळूत पडतात न्हवं अशा? पाणी ज्या अंगाला वाहतंय त्या अंगाला लाट तटकन उतरती. म्हंजे हितं वाळू हुती. आणि पाणी हिकडनं तिकडं जात हुतं." आणि त्यांनी हात करून दाखवलं. पोरगी त्या हाताच्या दिशेनं बघायला लागली, जिथं आता चिप्सची गाडी होती. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं ते दोघांना दिसत होतं आणि आम्ही दहा पदाधिकारी हॉर्न वाजवत होतो.

खरं सांगायचं तर मीही खाली वाकून बघितलं. पण कुणाला सांगू नका, चिटणीसपदाला शोभत नाही.

येताना त्या पोरीनं लाटांचा एक सुटा तुकडा उचलून आणला आणि कार्यालयात दिला, खाली कुठं मिळाला ते कागदावर लिहून चिकटवलेलं, वर बाण, पाण्याच्या दिशेचा. कपाटाची किल्ली नव्हती. सध्या तो दाराला लावलाय, वाऱ्यानं दार आपटायचं, आता आपटत नाही. म्हंजे क्लबातला एक दगड तरी कामाला आला.

तर असं होऊ नये म्हणून सांगतोय, सहलीला जायचंच तर धाब्यावर जा.

कारण पुढं काय झालं बघा. आता दर रविवारी मामा, ती पोरगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि सायकल दुरुस्त करणारा एक गडी, असे निघतात. एका रविवारी राजहंसगडावर, एकदा खानापूरकडं, एकदा सौंदत्तीच्या डोंगरात. अध्यक्ष नाहीत, घटना नाही, बॅनर नाही, वर्गणी नाही, भाकरी घरनं. मामा कन्नड बोलतात, पोरगी मराठी, सायकलवाला दोन्ही मिसळून, आणि कुणाचं अडत नाही म्हणे. मागच्या रविवारी नऊ जण होते, आमच्या बैठकीला चार. वर मामांनी मला वाटेत अडवून विचारलं, "काय चिटणीस, येतासा काय? बसून काय करूलालासा?"

कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. क्लबाच्या परवानगीशिवाय दगड बघितल्याबद्दल मामांना कारणे दाखवा नोटीस काढायची, एकमतानं ठरलं. मसुदा माझ्याकडं आहे. कुठल्या भाषेत काढायची यावर तिसरी बैठक येत्या शनिवारी आहे, पण कोरम होईल असं वाटत नाही, कारण मामा त्या दिवशी चोर्ल्याकडं जाणार आहेत.