‘अगदी चिकटून शूट करा’: अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या मॅक्रो लेन्सबद्दलचा फसवा सल्ला

मालवण-तारकर्लीकडे पर्यटक वळायला लागले की डायव्हिंगच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर (गोप्रोसारख्या छोट्या कॅमेऱ्यावर) मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची लेन्स चढवा, न्यूडिब्रँकला (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीला) अगदी चिकटून शूट करा, या कॅमेऱ्यात सगळं आपोआप फोकसमध्ये असतं, स्टॅबिलायझेशन हात सांभाळून घेतं, मोठ्या कॅमेऱ्याची गरजच नाही. लेन्स घ्यायला माझी हरकत नाही. पण तिच्याकडून काय मिळतं, हे या सल्ल्यात जवळपास प्रत्येक वाक्यात चुकलंय.

सुरुवात ‘सगळं आपोआप फोकसमध्ये’पासून करू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघतो. गोप्रोसारख्या बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत फोकस पक्का बसवलेला असतो. हवेत साधारण ३० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं, त्याच्या अलीकडचं धूसर. पाण्यात सपाट काचेतून बघताना वस्तू असते त्याच्या पाऊण अंतरावर भासते. म्हणजे कॅमेऱ्याला ३० सेंमी वाटायला प्राणी प्रत्यक्षात ४० सेंमीवर हवा. जवळजवळ दोन विती! नुसत्या कॅमेऱ्याने काढलेले क्लोजअप मऊ का येतात, याचं उत्तर इथेच आहे. त्यात पाण्याच्या गढूळपणाचा दोष कमी.

आता +१० डायॉप्टरची लेन्स लावा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखं लेन्सच्या शक्तीचं माप). ती फोकस ‘वाढवत’ नाही, सरकवते. ३० सेंमी ते अनंत एवढा मोठा पल्ला हवेत ७.५ ते १० सेंमीच्या पट्टीत येऊन बसतो. लेन्स केसिंगच्या (कॅमेऱ्याच्या पाणीबंद डब्याच्या) आत, कोरडी असेल तर पाण्यात ही पट्टी साधारण १० ते १३ सेंमीची होते. पाण्यात बाहेरून बसवायच्या लेन्सचे आकडे घडणीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. तरी पट्टीची जाडी तीनेक सेंमीच. प्राणी पट्टीच्या पलीकडे गेला तर धूसर, आणि तुम्ही ‘अगदी चिकटून’ गेलात तरी तितकाच धूसर. +१५ घेतली तर पट्टी आणखी जवळ येते आणि दीडेक सेंमी उरते, त्यामुळे ‘जितकी पॉवर जास्त तितकं बरं’ हेही गाळून घ्यायला हवं. समुद्राला हेलकावा असताना दीड सेंमीत टिकून राहणं नवख्याच्या हातचं नाही. आणि मागच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. फसवणूक कळते ती घरी लॅपटॉपवर.

‘मोठ्या कॅमेऱ्याची गरज नाही’ याचा हिशोब तर सोपा आहे. मॅक्रो म्हणजे रूढ अर्थाने वस्तू सेन्सरवर जवळपास तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटणं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या लेन्सची फोकल लांबी जेमतेम ३ मिमी. +१० लावून सेन्सरवर येणारी प्रतिमा वस्तूच्या तिसाव्या भागाएवढी. पाण्यात १० सेंमीवरून फ्रेममध्ये साधारण १२ सेंमी रुंदीचा तुकडा मावतो. त्यात २ सेंमीचा न्यूडिब्रँक एक षष्ठांश जागा घेतो, म्हणजे ४के व्हिडिओत सहाएकशे पिक्सेल. इन्स्टाला पुरतात, ओळख पटवायलाही बऱ्याचदा पुरतात. त्याच्या शिंगांवरची एकेक कंगोरी मोजायची असेल तर मात्र खरोखरची मॅक्रो लेन्स आणि मोठा सेन्सरच लागेल. त्यापेक्षा बोटभर लांबीचा प्राणी, प्रवाळाचा पोत, समुद्री पंख्याची जाळी हे विषय घ्या, हीच लेन्स शोभून दिसते.

स्टॅबिलायझेशनचा मुद्दा मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप हात वळला, कलला तर ते पकडतो आणि चित्र सावरतो. पण अख्खा कॅमेरा दोन सेंमी डावीकडे वाहून गेला, तर जायरोला त्याचा पत्ताच नसतो. समोर जहाज असेल तर त्या दोन सेंमींनी काही बिघडत नाही. १० सेंमीवर मात्र फ्रेमचा सहावा भाग निसटतो. तिथे उपयोगी पडते तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता स्थिर राहण्याचं कसब. पहिल्यांदाच प्रशिक्षकाचा हात धरून उतरलेल्या माणसाने मॅक्रो लेन्स किनाऱ्यावरच ठेवावी, आणि दोन हातांनी धरायचा ट्रेही (कॅमेरा बसवायची मुठींची पट्टी).

आणखी एक पोटकलम या सल्ल्याला जोडलेलं असतं: फोनची क्लिपवाली लेन्सही चालते. केसिंगच्या आत, कोरडी राहिली तर चालेल. बाहेर पाण्यात उघडी ठेवली तर नाही. काच आणि हवा यांच्या अपवर्तनांकात जेवढा फरक असतो तेवढा काच आणि पाणी यांच्यात नसतो. त्यामुळे साध्या काचेच्या लेन्सची फोकल लांबी पाण्यात साडेतीन पटीहून जास्त वाढते. +१०ची लेन्स +३च्या आसपास येते. पाण्यासाठी बनवलेल्या लेन्समध्ये हवा बंदिस्त ठेवतात ते म्हणूनच. अशी लेन्स बसवल्यावर मधे अडकलेला बुडबुडाही झटकून काढावा लागतो.

लाल फिल्टर आणि मॅक्रो एकदम लावू नका. फिल्टर असतो वरून येणाऱ्या निळसर उजेडासाठी. १० सेंमीवर टॉर्चचा उजेड एवढ्याशा पाण्यातून जाऊन परत येतो, लाल रंग शाबूत असतो. वर फिल्टर चढवला की प्राणी शेंदरी होतो.

सल्ल्यात नसलेली एक गोष्ट मात्र लेन्सच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या किनारी पाण्यात दृश्यमानता अनेकदा काही मीटरच असते, आणि १० सेंमीवरून शूट करताना मधे गढूळ पाणी फारसं येतच नाही. अशा दिवसांत दूरची दृश्यं फुकट जातात तेव्हा मॅक्रो काम देते. फक्त प्राण्याला त्या तीन सेंमीच्या पट्टीत आणण्यासाठी बोटाने ढकलू नका. समुद्रघोडा आणि प्रवाळ तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत.

पट्टी नेमकी कुठे पडते ते पाण्यात उतरायच्या आधीच शोधा. बादलीत पाणी भरा, प्लास्टिकची मोजपट्टी तिरकी ठेवा, लेन्स लावलेला कॅमेरा बुडवून एक क्लिप घ्या आणि मोठ्या पडद्यावर बघा. कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंतच्या रेघा तीक्ष्ण आहेत, तेवढं टिपून ठेवा. हे हवेत करून चालणार नाही, आकडे वेगळे येतील.