शब्दार्थाची वही आता पुरे

"धड्याखालचे शब्दार्थ पाच-पाच वेळा लिहून आणा" हा गृहपाठ आपल्याकडे अजून जोरात चालू आहे. इंग्रजीचा शिक्षक म्हणून माझं स्पष्ट मत आहे, तो बंद करा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकतं. 'अटेंशन'चं स्पेलिंग झोपेतही सांगतं, पण बोलायची वेळ आली की "गिव्ह अटेंशन" म्हणतं. "आय सॉ अ ड्रीम" म्हणतं. शब्द बरोबर, काळ बरोबर, चुकते ती जोडी. इंग्रजीत अटेंशन 'पे' करतात आणि ड्रीम 'हॅव' करतात. ("आय गेव्ह द एक्झाम" भारतात खपून जातं. इंग्लंडात म्हणालात तर तुम्हालाच परीक्षक समजतील!)

असं का, याला उत्तर नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? आपण शपथ घेतो आणि खातोही. मार खातो, भाव खातो. झोप लागते, ठेच लागते आणि नशीब जोरावर असेल तर नोकरीपण लागते. हे कुणी आपल्याला तक्ता करून शिकवलं नाही, शब्द कानावर पडले तेच जोडीनं.

शब्द असे जोडीनं शिकवणं ही काही नवी टूम नाही. हॅरॉल्ड पामर यांनी जपानात इंग्रजी शिकवण्याचं काम करताना १९३३ मध्येच अशा शब्दजोड्यांचा संग्रह काढला होता. पुढे ज्यांच्यामुळे अशा जोड्यांसाठीची 'कोलोकेशन' ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजली ते जे. आर. फर्थ तरुणपणी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. मायकेल वेस्ट ढाक्याला शिकवत होते. त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ साली आली. थोडेच शब्द घ्या, पण रोज लागणारे घ्या, हा तिचा रोख. आपण मात्र अजून 'रोज दहा नवे शब्द'वर अडकलोय.

आता माझा मुद्दा. सगळ्या जोड्या शिकवत बसायची गरजच नाही. 'टेक केअर' म्हणजे काळजी घेणे, 'टेक पार्ट' म्हणजे भाग घेणे, 'कॅच अ बस' म्हणजे बस पकडणे. इथे मराठी स्वतःच मदतीला येते, दोन मिनिटांत पुढे चला. तास घालवायचा तो जिथे दोन भाषांची वाट फुटते तिथे. आपण फोटो काढतो, ते 'टेक' करतात. आपला पाऊस जोराचा, त्यांचा 'हेवी'. वारा मात्र 'स्ट्राँग', आणि चहासुद्धा 'स्ट्राँग'. ही निवड करायला वर्गात मराठी लागते. त्यामुळे "वर्गात फक्त इंग्रजी बोला" हा हट्ट मला पटत नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर घरी भिली नाहीतर पावरी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. तिथे पोराच्या घरची जोडी कोणती, हे आधी शिक्षकालाच कळायला हवं.

वाक्यंही घरचीच घ्या. 'पिक कॉटन', 'ग्रो बनानाज', 'मिस द बस'. यावल-रावेरच्या पोराला 'स्नोमॅन'चं स्पेलिंग घोकायला लावून काय मिळतं, देव जाणे.

व्याकरण फेकून द्या असं मी म्हणत नाही. तयार वाक्यं पाठ करून घेणारे स्पोकन इंग्लिशचे क्लास मला शब्दार्थाच्या वहीइतकेच नकोसे वाटतात. तिथलं पोरगं समोरच्यानं प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकायची विचारणाही वाढलीये. तिथेही तेच आहे. जर्मन माणूस फोटो 'करतो' आणि निर्णयासाठी जे क्रियापद वापरतो त्याचा एरवीचा अर्थ 'भेटणे'. नुसता शब्दकोश घेऊन बसलेला तिथेही अडकणारच.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षक मित्रांनो, अहिराणी किंवा लेवा बोलणारी पोरं इंग्रजीत कुठल्या जोड्या हमखास चुकवतात, मला लिहून पाठवा. पोरांनी बोललेलं वाक्य जसंच्या तसं द्या, सुधारून नको.