नाडी शोधत बसू नका, छाती दाबा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. घशात काही अडकून कुणी बेशुद्ध पडलं, तर बोट घालून घसा साफ करा, पाणी पाजा, पोट दाबत राहा, मूल असेल तर पाय धरून उलटं करा, आणि नाडी लागत असेल तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) देऊ नका. पाचही सल्ले चुकीचे आहेत.

सर्वांत घातक शेवटचा. इथे आधी श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन संपत जातो आणि मग हृदय थांबतं. म्हणजे सुरुवातीला नाडी लागूही शकते. पण छाती दाबल्याने फुप्फुसांतली हवा वर ढकलली जाते आणि अडकलेला तुकडा सुटू शकतो. हृदय थांबलं असेल तर रक्तही फिरतं राहतं. शिवाय घाबरलेल्या माणसाला नाडी कळणं कठीण. बरेचदा जाणवतात ते स्वतःच्याच बोटांतले ठोके!

तेव्हा उताणं झोपवा, रुग्णवाहिकेला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबा. मोठ्यांमध्ये ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मुलांमध्ये सुमारे ५, वर्षाखालच्या बाळात सुमारे ४. ३० वेळा दाबून झालं की तोंडात बघा, मग २ श्वास द्या. पहिल्या श्वासाला छाती उचलली नाही, तर डोकं नीट मागे करून दुसरा द्या. पुन्हा ३०.

तोंडात वस्तू दिसली तरच काढा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवलं, तर ती आणखी खोल जाते. लहान मुलांत हा धोका जास्त.

पोट दाबायचा सल्ला मात्र कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकी डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि पूर्वी बेशुद्ध माणसालाही तसंच करायला शिकवत. आता ती शुद्धीत असलेल्यांपुरती आहे, तीही वर्षाखालच्या बाळाला नाही.

पाणी? बेशुद्ध माणूस गिळू शकत नाही, ते श्वासनलिकेत जाईल.

उलटं टांगण्यामागे बहुधा अर्धवट ऐकलेली गोष्ट असावी. शुद्धीतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर ५ थापा देतात, मग उताणं करून छातीवर ५ दाब. बाळ निपचित पडलं की तेही थांबवायचं आणि सीपीआर सुरू करायचा.