पुन्हा नेट बंद!
कुठे मोर्चा निघाला, दंगल पेटली की पहिलं काय? नेट बंद! राजस्थानात तर भरतीच्या परीक्षेसाठीही बंद केलं. अहो, कॉपी करणारे मूठभर, शिक्षा अख्ख्या जिल्ह्याला? काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ला नेट गेलं, फोर-जी सगळीकडे परत आलं ते थेट फेब्रुवारी २०२१मध्ये. मधल्या लॉकडाऊनमध्ये तिथल्या पोरांनी टू-जीवर ऑनलाइन तास केले. कसे केले असतील? जीव तुटतो विचार करून. बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२०ला बजावलंय. तरी बरेचदा आदेश शोधून सापडत नाही! अफवा थांबवायच्यात ना? मग खरी माहिती द्या. फॉर्मची शेवटची तारीख हुकलेल्या पोरीने कुणाचं दार ठोठावायचं?