इस्त्रीच्या ४९ लुकलुकी आणि मोटारीचा फोन

नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत चहाच्या टपरीला लागून आमचा कट्टा आहे. कट्टा म्हणजे एका बंद बंगल्याच्या कंपाउंडची भिंत. नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही. जो तो आपल्या धंद्यानं ओळखला जातो. परवा गिरणीवाला आला तोच तापून.

"नवं मीटर बसवलं आणि घरचं बिल दीडपट! मीटर पळतंय."

मास्तर रिटायर झालेत, पण फिजिक्स अजून रिटायर झालेलं नाही. "किती पळतंय?"

"पळतंय म्हणजे पळतंय!"

"मोजलंस का?"

चहा अर्धा टाकून सगळी वरात गिरणीवाल्याच्या घरी. मेन बोर्डावरचे सगळे खटके खाली, फक्त एक प्लग चालू आणि त्याला हजार वॉटची इस्त्री. मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्पल्स असं छापलेलं होतं. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. हजार वॉटची इस्त्री तासाला एक युनिट खाते, तेव्हा मिनिटाला ५३ लुकलुकी व्हायला हव्यात. मी मोबाइलवर मिनिट लावलं, मास्तर बोटानं हवेत ठेका धरून मोजायला लागले. वहिनी दारातून म्हणाल्या, "इस्त्री तापवलीच आहे तर दोन शर्ट तरी करून द्या."

४९ भरल्या.

"म्हणजे हळू चालतंय?" गिरणीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मास्तरांनी मीटरचं बटण दाबून पडदा पुढे सरकवला. व्होल्टेज २२०. इस्त्री हजार वॉट खाणार ती २३० ला; २२० ला ती नऊशे पंधराच्या आसपासच खाते. हिशोब चोख. मग जुनी बिलं काढली. आधीचे दोन महिने घर बंद दाखवून सरासरीनं बिल आलं होतं, त्याची सगळी वसुली या महिन्यात एकदम झाली होती. मीटर बिचारं निर्दोष.

परत कट्ट्यावर. खरा वाद तिथे पेटला.

"मीटर बरोबर निघालं म्हणून काय झालं?" गिरणीवाला हटेना. "ते बसवलंय कोणासाठी? पैसे थकले की ऑफिसातूनच लाइन कापता यावी म्हणून."

इंजिनियर पोरगा सातपूरला नोकरी करतो, एमआयडीसीत. तो म्हणाला, "प्रीपेड सामान्य ग्राहकाला नाही असं २०२४ मध्येच जाहीर झालं काका. आता बसतात ती पोस्टपेड, टीओडी मीटरं, म्हणजे वीज कोणत्या वेळी वापरली ते नोंदवणारी. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वापराल तर १ जुलै २०२५ पासून घरगुतीला युनिटमागे ८० पैशांपासून सूट सुरू झाली, पुढं ती रुपयापर्यंत जाणार. जुन्या मीटरला वीज दुपारची का रात्रीची, कळायचंच नाही."

"दुपारची स्वस्त का? दुपारी काय कमी लागते?"

इथे अण्णा बोलले. अण्णांची सगळी नोकरी सबस्टेशनात गेली. ते बोलतात कमी, पण बोलले की भिंतीवरचे सगळे त्यांच्याकडे वळून बसतात.

"तारेत वीज साठत नाही रे. आत्ता जेवढी ओढली तेवढीच आत्ता तयार व्हायला पाहिजे. कमी पडली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा ताल, सेकंदाला ५० च्या खाली येते, जास्त झाली की वर. पूर्वी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा टाकला की काम झालं, २१० मेगावॉटचा संच हाताखाली होता. आता दुपारी सोलर ढीगभर येतं आणि सूर्य मावळला की तासाभरात गायब. नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन एसी लावणार. कोळशाचा संच काय बल्ब आहे, खटका दाबला की पेटला? म्हणून तुला सुटीचं नव्हे, सवलतीचं गाजर. तुझं वॉशिंग मशीन त्यांना दुपारी फिरायला हवंय."

मग २०१२ चा विषय निघालाच. अण्णा असले की निघतोच. ३० जुलैला पहाटे उत्तर भारत अंधारात, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. ६० कोटींच्या वर माणसं. सुरुवात बिना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइनीनं झाली. "त्या लाइनीवर फॉल्टच नव्हता," अण्णा म्हणाले. "करंट चढलेला, व्होल्टेज पडलेलं. रिलेला, म्हणजे लाइन राखणाऱ्या यंत्राला, वाटलं कुठंतरी शॉर्ट झालाय. त्यानं लाइन तोडली. त्याच्या परीनं शहाणपणाच केला, पण त्याला फक्त आपली एक लाइन दिसत होती." आपण पश्चिम ग्रिडवाले, म्हणजे पश्चिमेकडच्या विजेच्या जाळ्यातले, त्यातून वाचलो. पुढं ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही लाइन जोडली तेव्हा दक्षिणही या ग्रिडात आली. काश्मीर ते कन्याकुमारी एकच ताल. आता मोठ्या सबस्टेशनांत अशी यंत्रं आहेत जी सेकंदाला २५ वेळा नाडी बघतात आणि सगळीकडचं एकाच घड्याळाला जुळवून दाखवतात.

"आणि ५ एप्रिल २०२०?" पोरगा म्हणाला. "रात्री ९ ला ९ मिनिटं दिवे बंद. मागणी ३१ हजार मेगावॉटनं खाली आली आणि परत वर चढली. ग्रिड हललं का?"

"जलविद्युतवाल्यांनी सांभाळलं," अण्णा म्हणाले. "पण ते आधी सांगून केलं होतं. सांगून येणाऱ्या संकटाचं काय कौतुक."

मला स्वतःला वाटतं ते वेगळंच. देशाची नाडी सेकंदाला २५ वेळा बघतात, ठीक. पण आमच्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती लोड आहे, हे तो उन्हाळ्यात उडेपर्यंत वायरमनलाही कळत नाही. ग्रिड वरून डोळस आणि खालून आंधळं आहे. नवं मीटर पाव तासाचा, अर्ध्या तासाचा वापर आणि व्होल्टेज नोंदवतं. एका डीपीखालच्या सगळ्या मीटरांची बेरीज केली आणि ती डीपीच्या मीटरशी ताडून बघितली तर डीपी कधी दमतोय आणि मधे चोरीचे आकडे किती टाकलेत, दोन्ही कळेल. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभरात २५ कोटी मीटरं बसवायचं ठरलं. एवढे डोळे लावणार, तर गिरणीवाल्याला २२० मिळतंय हेही कोणीतरी त्याच्या बिलावर छापावं. तो लुकलुकणारा दिवा एकट्या कंपनीसाठी नसावा.

गिरणीवाला म्हणाला, "हां! हे मी म्हणत होतो." तो हे म्हणत नव्हता, पण जाऊ दे.

निफाडकडचे भाऊ इतका वेळ गप्प होते. मुलगी इथे क्लासला, तो सुटेपर्यंत ते कट्ट्यावर बसतात. द्राक्षाची छाटणी नुकतीच उरकलेली. "तुमचं दुपारचं गाजर आम्हाला द्या ना," ते म्हणाले. "साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, पण थ्री फेज येतो रात्री. उसाच्या कडेनं बिबट्या फिरतो आणि आम्ही टॉर्च घेऊन बांधावर. सोलर फीडर, म्हणजे सोलरवरची शेतीची लाइन, झाला त्या गावांत दिवसा लाइट आली, ती माणसं निवांत झोपतात. आम्हाला मीटर स्मार्ट नको, वेळ सांगा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनकडे बघून ते हसले. "मोटारीचा आहे."

स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड टाकलेलं. लाइट आली की मोटार फोन करते, आकडा दाबला की इथूनच चालू.

अण्णांनी मान पुढं काढली. "व्होल्टेज सांगते का?"

"३६० म्हणतेय."

"४१५ पाहिजे."

"आत्ताच आली ना, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुटल्यात. आत्ता चालू केली तर वायंडिंग जळायचं." भाऊंनी आकडा न दाबताच फोन खिशात टाकला आणि टपरीवाल्याकडे बोट दाखवलं. "अर्धा तास थांबू. एक कटिंग दे रे."