तालमीच्या नावानं फिरणारा मेसेज

जत्रांचा हंगाम जवळ आला, गल्लीच्या तोंडाशी ‘जंगी निकाली कुस्त्या’चे फलक लागले, की आमच्या सीमाभागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास डोकं वर काढतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कागवाड, कुठलाही ग्रुप घ्या. वर लंगोट लावलेल्या पैलवानाचा जुना फोटो आणि खाली मजकूर. थोडक्यात तो असा: जिम हे परदेशी खूळ. गामा रोज पाच हजार बैठका मारायचा, तुम्ही निदान हजार मारा. दुखल्याशिवाय अंग धरत नाही. दूध, तूप, बदाम आणि कच्ची अंडी एवढा खुराक पुरे. प्रोटीन पावडर म्हणजे विष, किडनी जाते. व्यायाम सोडला की कमावलेल्या मांसाची चरबी होते. बायकांनी वजन उचलू नये, चाळिशीनंतर पुरुषांनीही नको. शेवटी नेहमीचं: खरे मराठी असाल तर पुढे पाठवा.

लिहिणाऱ्याचा तालमीवर जीव आहे हे दिसतं. पण त्याला तालमीतला फोटो आवडलाय, तालमीची रीत ठाऊक नाही. त्यानं आकडे तेवढे उचललेत आणि त्या आकड्यांमागची शिस्त सोडून दिलीय. ही चूक नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण पहिलाच सल्ला माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतो.

‘निदान हजार बैठका मारा.’

गामा किती बैठका मारायचा याचा आकडा जो तो आपापल्या परीनं वाढवून सांगतो, ते राहू द्या. पण तो लहानपणापासून मेहनत करत होता. वर्षानुवर्षं मुरलेल्या शरीराचा आकडा कालपर्यंत दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोरानं सोमवारी सकाळी अंगावर घ्यायचा, याला मेहनत म्हणत नाहीत. कुठल्याही जाणत्या वस्तादाकडे नवा पोरगा आला की आधी माती उकरायला लागतो, मग थोडे जोर, थोड्या बैठका, आणि जोशात आला की वस्तादच थांबवतात: “बास आता, उद्या परत यायचं हाय.” हा ‘बास’ मेसेजमध्ये कुठेच नाही.

सवय नसताना एका दमात शेकडो बैठका मारल्या तर मांड्यांचे स्नायू दुखण्यापलीकडे जाऊन फुटू शकतात. स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना मूत्रपिंडांवर आघात होतो. वैद्यकात याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावलेल्या मुलांना हे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. खुणा लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांनी मांड्या टणक सुजतात, जिना उतरवत नाही, आणि लघवी काळ्या चहासारखी होते. लघवीचा रंग असा दिसला तर मालीश, हळदीचं दूध, दुखण्याची गोळी यांत वेळ घालवायचा नाही. थेट दवाखाना गाठायचा, सलाइन वेळेत लागलं तर किडनी वाचू शकते. दुखण्याच्या काही गोळ्या तर किडनीवर आणखी भार टाकतात. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायल्यावर किंवा दारू घेतल्यावर हा धोका वाढतो.

दुसरं म्हणजे, हजार बैठका मारता यायला लागल्या तरी मांडी हजारपट भरत नाही. पन्नास बैठका आरामात होतात म्हटल्यावर एक्कावन्नावी ते हजारावी यांतून मिळतो तो मुख्यतः दम. स्नायू वाढायचा तर त्याच्यावरचा भार हळूहळू वाढावा लागतो. पाच ते तीस वेळा उचलता येईल असं वजन घ्यावं, आणि अजून दोन-तीनच वेळा जमेल असं वाटेपर्यंत न्यावं. आठ-पंधरा दिवसांनी किंचित वाढवावं. हे काही जिमवाल्यांनी शोधलेलं नाही. तालमीत जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतात, मुदगल फिरवतात, गळ्यात दगडी कडं अडकवून जोर काढतात, ते कशासाठी? भार वाढवण्यासाठीच. बारबेल आणि मुदगल यांच्यात भांडण लावलंय ते मेसेजवाल्यांनी. टिळकवाडीतल्या एसी जिममध्ये असा की येळ्ळूरच्या तालमीत, मांडीच्या स्नायूला फक्त ओझं कळतं, पत्ता कळत नाही.

आणि विश्रांती. चांगल्या मेहनतीनंतर स्नायू बांधायचं काम शरीरात एक-दोन दिवस चालू राहतं. म्हणून सामान्य माणसानं पाय, छाती, पाठ अशा प्रत्येक भागाला आठवड्यातून दोनदा काम द्यावं आणि मध्ये साधारण ४८ तास सोडावेत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असाच आहे. झोप सात-आठ तास. रात्री दीडपर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला तालीम, हे महिनाभर चालतं, मग पोरगा एक तर आजारी पडतो किंवा तालमीकडे फिरकत नाही.

‘दुखल्याशिवाय अंग धरत नाही.’

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त दुखतं, पुढे तोच व्यायाम केला तर दुखणं कमी होतं आणि स्नायू मात्र वाढतच राहतो. म्हणजे दुखणं ही सवय नसल्याची खूण आहे, वाढीची नाही. सांध्यात एकाच जागी टोचणारं दुखणं असेल तर तो व्यायाम थांबवायचाच.

‘दूध, तूप, बदाम एवढा खुराक पुरे.’

इथं जरा हिशेब मांडू. सामान्य माणसाला प्रथिनं किती लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. ताकदीचा नियमित व्यायाम करणाऱ्याला यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. आतापर्यंतच्या अभ्यासांवरून किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा थबकतो. त्याच ६० किलोच्या पोराला म्हणजे सत्तर ते पंच्याण्णव ग्रॅम पुष्कळ झाले.

आता मेसेजचा खुराक. दहा बदामांत प्रथिनं अडीच ग्रॅम. तुपात शून्य, एका मोठ्या चमच्यात उष्मांक मात्र १३० च्या घरात. म्हशीच्या लिटरभर दुधात प्रथिनं पस्तीसेक ग्रॅम, पण सोबत ६५ ग्रॅमच्या वर स्निग्धांश. हा खुराक चार-चार तास मातीत घाम गाळणाऱ्याला पचत होता, कारण त्याला तेवढे उष्मांक लागतच होते. पाऊण तास व्यायाम करून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं तोच खुराक लावला तर छातीआधी पोट भरतं. (बेळगावची मिठाई कुंदा दुधाचाच असतो म्हणून तो खुराकात धरणारे महाभागही गावात आहेत.) वजन वाढलं म्हणजे ताकद वाढली असंही नव्हे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात.

गंमत म्हणजे मेसेजनं ज्या गोष्टींचं नावही घेतलं नाही त्या आपल्या रोजच्या ताटात आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत दहा ग्रॅम प्रथिनं. हुलगे, मटकी, पावटा, मसूर, तूरडाळ यांत कोरड्या वजनाच्या २२ ते २४ टक्के. भाकरीतल्या प्रथिनांत लायसिन हा गरजेचा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि हुलग्याची आमटी किंवा मटकीची उसळ हे जोडीनं खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दिवसभरात दोन-तीन भाकऱ्या, भात, एक वाटी उसळ, दोन वाट्या आमटी, अर्धा लिटर दूध किंवा दही, तीन उकडलेली अंडी आणि मूठभर शेंगदाणे झाले की आकडा पंचाहत्तर ग्रॅमपर्यंत जातो. ज्या दिवशी घरात कोंबडी शिजेल त्या दिवशी शंभर ग्रॅम तुकड्यांतून आणखी पंचवीस. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत किंवा लिंगायत घरांत अंडी चालत नाहीत, तिथं तीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे पंधरा ग्रॅम देतात आणि शंभर ग्रॅम पनीर अठरा. मोड आणल्यानं प्रथिनं दुप्पट होतात हा आणखी एक समज. मोड आले की कडधान्य पाणी पिऊन फुगतं, पचायला हलकं होतं, प्रथिनं मात्र जवळपास तेवढीच राहतात.

हे सगळं एका जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांत वाटून घ्या. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात काही नाही खाल्लं तर मेहनत वाया जाते असं सांगतात, त्यात फारसं तथ्य नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची.

‘कच्ची अंडी दुधातून घ्या.’

नका घेऊ. शिजवलेल्या अंड्यातली ९० टक्के प्रथिनं शरीर शोषून घेतं, कच्च्यातली जेमतेम निम्मी. वर साल्मोनेला या जंतूच्या संसर्गाची भीती वेगळीच. पैसे अख्ख्या अंड्याचे मोजायचे आणि अर्धंच पचवायचं, हा तोट्याचाच धंदा.

‘प्रोटीन पावडर म्हणजे विष.’

ही पावडर बहुधा व्हेची. व्हे म्हणजे पनीर किंवा चीज करताना दूध फाटलं की उरणारं पाणी, त्यातली प्रथिनं वाळवून डब्यात भरलेली. विष नव्हे आणि अमृतही नव्हे. ज्याच्या किडन्या धड आहेत त्याला वरच्या मर्यादेतल्या प्रथिनांनी किडनीचा रोग होतो असा पुरावा नाही. ज्याला किडनीचा आजार आधीच आहे, त्याला मात्र प्रथिनं मोजूनच घ्यावी लागतात, मग ती पावडरीतली असोत की आमटीतली. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत आहे, आणि हे दोन्ही आजार किडनी पोखरतात. तेव्हा पस्तिशीनंतर खुराक वाढवण्याआधी साखर, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) तपासून घेणं शहाणपणाचं. क्रिएटिन नावाची पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन इजा नसतानाही थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तरी डबा घेण्याची घाई नको. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असंच सांगितलंय. माझं मतही तेच: आधी ताट नीट करा. घ्यायचीच तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक पाहा, पक्कं बिल घ्या, आणि ‘पंधरा दिवसांत दंड’ असं छापलेला डबा फळीवरच राहू द्या.

मेसेजनं पावडरीवर दगड मारले आणि सुईकडे पाहिलंच नाही, हे मला सगळ्यात खटकतं. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेआधी आणि मैदानाआधी पोरांच्या हातात जे जातं ते व्हे नसतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसारखी स्टेरॉइड्स बाहेरून टोचली की शरीर स्वतःचं उत्पादन थांबवतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, पुरुषाच्या छातीला गाठ येते, चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, हृदयाची भिंत जाड होते. दुसरं मेफेंटरमाईन: भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर ते टोचतात, आणि इथली पोरं व्यायामाला चेव यावा म्हणून घेतात. हृदयाचे ठोके बिघडणं, व्यसन लागणं, भास होणं, सगळं त्यातून येतं. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून बिनचिठ्ठीची बाटली कोणी दिली तर ती देणाऱ्यालाच त्याच्यासमोर घ्यायला सांगा.

‘व्यायाम सोडला की मांसाची चरबी होते.’

होत नाही. स्नायू आणि चरबी या वेगळ्या पेशी, एकीची दुसरी बनत नाही. होतं ते असं: पैलवान मैदान सोडतो, मेहनत थांबते, पण ताट तेवढंच राहतं. स्नायू ओसरतो आणि जास्तीच्या उष्मांकांची चरबी चढते. गावोगावी निवृत्त पैलवानांची पोटं दिसतात ती यातून. खुराक मेहनतीबरोबर उतरवायचा असतो, हे कोणी सांगितलेलं नसतं.

‘बायकांनी वजन उचलू नये, चाळिशीनंतर कोणीच नको.’

भाताच्या रोप लावणीला दिवसभर कमरेत वाकणारी, डोक्यावर पाण्याची घागर आणि काखेत पोर घेऊन चढ चढणारी बाई वजन उचलत नाही तर काय करते? तेव्हा कोणाला तिची काळजी वाटत नाही. तिनं डंबेल धरला की ‘पुरुषी होशील’. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फारच थोडं असतं, दोन-चार डंबेल्सनी दंडाच्या बेडक्या फुगत नाहीत. उलट पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा ती राखायला वजनाचा व्यायाम हाताशी असलेला चांगला उपाय आहे.

वयाचंही तसंच. तिशीनंतर दर दशकाला स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटतो, साठीनंतर वेग वाढतो. म्हणजे चाळिशीनंतर व्यायामाची गरज वाढते. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरणारे पुष्कळ आहेत. फिरणं हृदयाला चांगलं, पण त्यानं दंड-पाठ राखली जात नाही. त्यांनी घरी येऊन खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं, भिंतीला हात लावून दहा जोर काढावेत, दोन्ही हातांत पाण्याची भरलेली बाटली घेऊन ती खांद्यावर न्यावी. असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. सोपं वाटायला लागलं की खुर्ची बुटकी घ्यावी, बाटली मोठी. उचलताना श्वास रोखून धरू नये, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टर, मग खुर्ची.